मिठाच्या तोलाचा माणूस

मुलांनो, काल आलेल्या पत्रात तुम्ही तिकडच्या शेजाऱ्याबद्दल 'वर्थ हिज वेट इन सॉल्ट' असं लिहिलं आहे. चूक दाखवावी म्हणून लेखणी घेतली, तर समोर माझे मामाच येऊन बसले. तेव्हा आधी त्यांच्याबद्दल लिहिते.

माझ्या मामांइतकं प्रेम इंग्रजी भाषेवर खुद्द इंग्रजांनीही केलं नसेल. जव्हार संस्थानच्या कचेरीत ते इंग्रजी पत्रं लिहीत. नवा वाक्प्रचार मिळाला की तो दिवसभर खडीसाखरेसारखा तोंडात घोळवत. सकाळी पठारावर धुकं उतरलं की ओट्यावर बसून त्या धुक्यालाच ऐकवत. मामी म्हणायची, "त्याला इंग्रजी कळतं, म्हणून तर ते लवकर उठून जातं." एखादा वाक्प्रचार अर्धाच आठवला तर उरलेला अर्धा ते दुसऱ्याचा जोडून देत. भाषेतसुद्धा सोयरीक चालते, असं त्यांचं म्हणणं.

जव्हारहून मोखाड्याला पायी टपाल नेणारा लखमा दाभोसा गावचा. टपाल खात्यात नवे इंग्रज साहेब आले आणि हुकूम निघाला, शिफारसपत्र असेल त्यालाच कामावर ठेवायचं. मामांनी लिहिलं, हा माणूस 'वर्थ हिज वेट इन सॉल्ट'. मी तेव्हा नाशिकला शिकत होते, सुट्टीला आले होते. म्हटलं, "मामा, दोन वाक्प्रचारांची खिचडी झाली. कामाला खरा उतरणारा माणूस नुसता 'वर्थ हिज सॉल्ट'. वजन आलं की तिथे सोनं हवं, 'वर्थ हिज वेट इन गोल्ड'. साहेब हसतील आणि लखमाचं काम जाईल."

मामा घाबरले. दारात बसलेल्या लखमालाच त्यांनी विचारलं, "बोल बाबा, तुझ्या भारंभार सोनं लिहू, की मीठ?"

मीठ तेव्हा समुद्राकडून बैलांच्या पाठीवर घाट चढून येई, आणि पावसात सापडलं तर निम्मं वाटेतच विरघळे.

"सोना काय नागलीच्या भाकरीला लावू, दादा? मीठच ऱ्हऊ द्या," लखमा म्हणाला. मग जरा लाजून, "पन माझ्याइतका? लई झाला."

पत्र तसंच गेलं. आठ दिवस मामांनी धुक्याला काही ऐकवलं नाही. मग कागद परत आला. 'सॉल्ट'भोवती लाल वर्तुळ, आणि खाली साहेबांच्या हातचं इंग्रजी, ज्याचा अर्थ एवढाच: वाक्य चुकलं आहे. माणूस ठेवा.

तेव्हा बाळांनो, परीक्षेत 'वर्थ हिज सॉल्ट' असंच लिहा. मामा गेले, लखमा गेला, मिठाचे बैलही आता घाट चढत नाहीत. तो कागद माझ्या पेटीत आहे. मामांची शाई फिकी झाली, लाल वर्तुळ अजून दिसतं.