एक मिलिमीटर आखूड

कबूल अण्णांशी भांडता येत नसे. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत ते स्वतःची चूक मान्य करून मोकळे होत. कारखान्याची बस चुकली तर ड्रायव्हर आधीच निघाला असं ते म्हणत नसत, आपणच रेंगाळलो म्हणत. "कबूल. माझं चुकलं," एवढं बोलून ते चष्मा पुसायला घेत आणि भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत होई. तारिहाळच्या आमच्या कारखान्यात त्यांचं खरं आडनाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

धारवाडच्या एका शाळेत गणित शिकवणं सोडून ते कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आले होते. विभाग म्हणजे दोन यंत्रं, ते आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेली मी. विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरला साहेब तयार नव्हते, म्हणून अण्णांनी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून एक फुकटची प्रोग्रामिंगची भाषा बसवली. ती जगभरच्या लोकांनी हौसेनं लिहिलेली होती आणि तिचं सगळं आतलं काम कुणालाही उघडून वाचता येई. अण्णांना याचं फार अप्रूप. ते त्या भाषेबद्दल एखाद्या सज्जन पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलत.

प्रोग्राम चुकला की त्यांचा एकच नियम होता. आधी आपली चूक शोधायची. ती सापडली नाही तर पुन्हा आपलीच शोधायची. भाषेवर बोट ठेवायचं नाही. "हजारो लोक वापरतात ती भाषा. तिला आपणच पहिले भेटलो काय?" असं म्हणत. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते बरोबर असत, हे मला आजही मान्य आहे. पुढं जे झालं ते उरलेल्या एका वेळी झालं.

मी एक प्रोग्राम लिहिला होता. नकाशातली इंचातली मापं घेऊन तो मिलिमीटरात दांडे कापायचा तक्ता छापून देई. एका मोठ्या मागणीतले सगळे दांडे एक मिलिमीटर आखूड निघाले. चाळीस हवे होते, तक्त्यात एकोणचाळीस छापलं होतं. मी दोन दिवस प्रोग्राम ओळीन्‌ओळ वाचला. अण्णांनीही चाळीस हा आकडा स्वतः टाइप करून पाहिला, तो बरोबर छापला गेला. बाकीची मापंही बरोबर होती. शेवटी मी साहेबांच्या खोलीत, अण्णांच्या देखत, म्हणाले की माझं काही चुकलेलं नाही, भाषेतच काहीतरी गडबड आहे.

साहेबांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी चष्मा पुसला. "नोडव्वा, हे बघ शैला, भाषेचं नाही, तुझंच कुठंतरी चुकलं असणार. कबूल करून टाक आणि मोकळी हो की," ते मायेनं म्हणाले. तो मायेचा आवाज मला अजून खुपतो. त्यांच्यावर माझा एवढा विश्वास होता की माझा माझ्यावरचा उडाला. मी चूक मान्य केल्याचं लिहून दिलं, सही केली, आणि आठ दिवसांत मला कामावरून काढलं. अण्णांना हे उमगलंच नव्हतं, की त्यांच्यासारख्यानं चूक कबूल केली तर लोक त्यांना मोठा माणूस म्हणतात, आणि नव्यानं लागलेल्या पोरीनं केली तर तिला घरी पाठवतात.

कमरीपेठेत आमचं दोऱ्या-बटणांचं दुकान होतं. मी तिथं बसायला लागले. निष्काळजी पोरगी म्हणून माझं नाव झालं होतं आणि दुसरीकडं कुणी उभं करेना. कॉम्प्युटरचं नाव काढलं तरी मला चीड येई.

दोन वर्षांनी एका रविवारी सकाळी अण्णा दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. मी त्यांना बसा म्हटलं नाही, आणि चहाही विचारला नाही. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. त्यांच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये तसाच आकडा चुकला होता. नियमाप्रमाणं त्यांनी आधी आपली चूक शोधली, पुन्हा शोधली, आणि प्रोग्राम कापत कापत तीन ओळींवर आणला. तीन ओळींत चूक लपायला जागा नव्हती, तरी उत्तर चुकत होतं. दशांशातले सगळे नऊ वर सरकून शून्य झाले की ती भाषा पुढचा हातचा घ्यायला विसरत होती. माझ्या तक्त्यातलं ते माप इंचातून आलं होतं, म्हणून ते सरळ चाळीस नव्हतंच. ते होतं ३९.९९९९२. अण्णांनी चाळीस टाइप करून पाहिलं तेव्हा चूक दिसणार कुठून?

त्यांनी भाषा लिहिणाऱ्यांना कळवलं होतं. तिकडून उत्तर आलं की आमच्या नव्या यंत्रांवर असं होत नाही, तुमचंच काहीतरी चुकत असेल. अण्णांना आता माझ्याकडं जुना तक्ता असेल तर पुरावा म्हणून हवा होता.

"आता काय उपयोग?" मी विचारलं.

"नोकरीला उपयोग नाही. पण खोट्या कागदावर तुझी सही आहे, आणि ती मी करायला लावली."

तक्ता मी जपून ठेवला होता. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर अण्णा फ्लॉपी खिशात घालून गावभर हिंडले. कुणाच्या छापखान्यात, कुणाच्या टायपिंग क्लासात जुनं यंत्र दिसलं की त्या तीन ओळी चालवून बघत. तीन निरनिराळ्या यंत्रांवर चूक पकडल्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं. सुभाष रोडवरच्या सायबर कॅफेत पुढचे चार महिने पत्रं येत-जात राहिली. भाषेच्या आतल्या कामाचा छापलेला गठ्ठा त्यांनी माझ्यासमोर ठेवला, आणि इतक्या दिवसांच्या रागानं मी तो वाचला. हातचा जिथं सुटत होता ती जागा मला सापडली. दुरुस्तीची एक ओळ मीच लिहिली. पाठवताना अण्णांनी आपलं नाव खोडलं आणि माझं घातलं. पुढच्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांच्या यादीत कमरीपेठेतल्या बटणवालीचं नाव आलं. ते पाहून मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण मी सायबर कॅफेतच खुर्चीवर बसून रडले.

ती यादी घेऊन अण्णा साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, जुनी गोष्ट आहे, कशाला उकरता. तेव्हा अण्णांनी माझा कबुलीचा कागद फाइलीतून मागून घेतला आणि त्याच्याखाली स्वतःची कबुली लिहून सही केली. त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

मी पुढं पुण्याला गेले. आता माझ्या हाताखालचं कुणी भाषेतच चूक आहे म्हणालं, तर मी 'तीन ओळींत दाखव' म्हणते. बहुतेक वेळा त्याचंच चुकलेलं असतं. तरीही दाखवून होईपर्यंत मी काही बोलत नाही.

अण्णा आजारी असल्याचं कळलं तेव्हा धारवाडला जाऊन आले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी सरळ विचारलं, "शैला, अजून राग आहे काय गं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्यासमोर खोटी सही एकदा केली होती, तेवढी पुरे होती.

"आहे, अण्णा. थोडा आहे."

त्यांनी चष्मा काढला. पुसायला हातात बळ नव्हतं, म्हणून तो तसाच माझ्याकडं दिला.

"कबूल," ते म्हणाले.

मी पदरानं काचा पुसून चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. महिनाभरानं ते गेले.