तीनशे बाइटांना आख्खं पान

ऑफिसात त्याला सगळे चिक्कू म्हणत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करायचा आणि मेमरीचा एकेक बाइट स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा जपायचा. या नावाचा त्याला राग नव्हता, उलट आतून गुदगुल्याच व्हायच्या.

म्हणून रक्त तपासणाऱ्या एका लॅबचा, याच सिस्टिमवर चालणारा सर्व्हर रोज दुपारी ठप्प व्हायला लागला, तेव्हा यालाच धाडलं. मशीन जुनं, मेमरी जेमतेम एक जीबी. नोंदी ठेवणाऱ्या बाई प्रत्येक नमुन्याची वेगळी फाइल करत. तीनशे बाइटांची एकेक, अशा वीस हजार. चिक्कूने त्यांच्या साहेबांसमोरच सुनावलं, "एवढी चिल्लर जमवल्यावर मेमरी भरणारच." बाई खालमानेने उभ्या राहिल्या. मग दोन महिने खपून त्यांनी एकेक फाइल उघडून दिवसवार मोठ्या फायली केल्या. सर्व्हर सुरळीत झाला आणि चिक्कूची कॉलर ताठ.

पुढे स्वतःचाच कोड चाळताना तो एका ओळीशी थांबला. एकदा वाचलेली फाइल पुन्हा चटकन मिळावी म्हणून कर्नल ती मेमरीत ठेवतं, ठरावीक मापाच्या पानांवर; फाइल कितीही छोटी असो, तिला निदान एक आख्खं पान लागतं. मोठ्या फायली वेगाने वाचता याव्यात म्हणून गेल्या वर्षी यानेच ते पान चार केबींवरून चौसष्ट केबींचं, म्हणजे पासष्ट हजारांवर बाइटांचं, केलं होतं. चाचणी घेतली तीही मोठ्या फायलींवरच. बाईंच्या तीनशे बाइटांना आख्खं चौसष्ट केबींचं पान जात होतं. उधळ्या तो होता आणि बोलणी बाईंनी खाल्ली होती.

रात्री ओशाळून त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, दुरुस्त करून गप्प बस, कोणाला कळतंय? खरंच कुणाला कळणार नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

कोड दुरुस्त करून तो लॅबमध्ये गेला. साहेबांच्या खोलीत बाईंना बोलावून त्याने सगळं कबूल केलं. साहेब म्हणाले, होतं असं.

"तुमची पद्धत बरोबर होती," तो म्हणाला. "मी छोटा प्रोग्राम लिहून देतो. दहा मिनिटांत सगळ्या फायली परत वेगळ्या होतील."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग जोडायलाही दहाच मिनिटं लागली असती ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तेव्हा हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.