जंगलातल्या बंगल्याचं पुढचं दार

गणपतीपुळ्याच्या रिसॉर्टात राहून आलेल्या माझ्या ऑफिसातल्या बायका मला विचारतात, "त्या वनखात्याच्या पडक्या बंगल्यात तुला काय गं सोनं दिसतं?" पडका नाही, साधा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी एसटीतून उतरायचं, पुढे जंगलातून चालत जायचं. वीज असली तर असली. शिधा आपला, चादरी आपल्या. खानसामा रांधून देतो. माझ्या पगारात बसतो, आणि सरकारी आहे म्हणजे माझाही आहे. बस्स!

पण त्या खेपेला मी मजेसाठी गेले नव्हते. आईला घेऊन गेले होते. आमची बौद्धवाडी त्या बंगल्याच्या खालच्या अंगाला. लग्न होऊन आल्यापासून कितीतरी वर्षं आई तिथे साहेबांच्या आंघोळीचं पाणी वाहायची. विहिरीवरून आणायचं, मागच्या चुलाणावर तापवायचं, न्हाणीच्या दाराशी बादली ठेवून निघायचं. आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आता ती थकली होती, मुंबईला भावाकडे कायमची निघाली होती. जाण्याआधी त्या बंगल्यातल्या पलंगावर तिला एकदा झोपवायचंच, हा माझा हट्ट.

पोचलो. मी खानसाम्याशी बोलतेय तोवर आई गायब! बघते तर मागच्या पडवीत, हातात खराटा. सवयीने थेट मागेच गेलेली. खानसामा नवा होता. मला म्हणतो, "ताई, तुमच्या कामवाल्या मावशींचं जेवण इकडेच देऊ का?"

माझं डोकंच सणकलं. "आई आहे ती माझी!" म्हटलं, आणि तिला दंडाला धरून, बंगल्याला वळसा घालून पुढच्या दाराने आत आणलं. उंबऱ्यावर तिने चपला काढून हातात घेतल्या. ते बघून मला रडू आलं आणि रागही आला.

संध्याकाळी जीप आली. कोणी एक साहेब, सहकुटुंब, न कळवता. खानसामा हात चोळत आला. "ताई, मागच्या खोलीत सरकता का? एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"जाऊ दे गो बाय," आई पलंगावरून उठायलाच लागली. "आपण काय, कुठेही पडू."

"तू बस खाली!" मी तिच्यावरच ओरडले आणि दारात जाऊन उभी राहिले. "खोली माझ्या नावावर आहे. मागची एवढी चांगली असेल तर साहेबांना द्या."

साहेब जीपमधून उतरले. "कुठल्या ऑफिसात आहात तुम्ही?"

सांगितलं. ऑफिसही सांगितलं आणि माझं टेबल कुठलं तेही. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? नोकरीच्या जिवावर तर माझं घर चालतं. पण दारातून हलले नाही. साहेबांच्या बायकोनेच शेवटी "चला हो" म्हटलं आणि जीप वळली.

आई त्या रात्री पलंगाच्या अगदी कडेला झोपली, पण झोपली.

सकाळी दार वाजलं. खानसामा गरम पाण्याची बादली घेऊन उभा. आईचा हात आपसूक बादलीच्या कडीकडे गेला. मग तिने तो मागे घेतला आणि पदर सारखा केला.

"न्हाणीत नेऊन ठेव रे बाबा," आई म्हणाली. "आणि विसणाला थोडं गार पाणी आण."