रिलीवर आल्याशिवाय

खुर्ची न सोडणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात, पण दुसऱ्याने दोन मिनिटांसाठी सोपवलेली जागासुद्धा न सोडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये त्यांची उभी हयात गेली. तिथे चालू मशीन सोडून कुणाला घरी जाता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस यायचा, 'चार्ज घेतला' म्हणायचा, मग पहिल्याने निघायचं. या येणाऱ्या माणसाला रिलीवर म्हणतात. बाकीचे लोक हा नियम कारखान्याच्या गेटबाहेर पडताच विसरतात. मामाजींनी तो घरी आणला, लग्नकार्यांत नेला आणि निवृत्तीनंतर तर अधिकच जोमाने पाळला.

माझ्याच लग्नातली गोष्ट सांगतो. मांडवात जोडे काढताना समोर हे भले गृहस्थ उभे दिसले. ते मुलीचे मामा आहेत हे मला कुठे ठाऊक? मी आपलं म्हटलं, "जरा लक्ष ठेवा." झालं. जोडे लपवायला टपलेल्या माझ्या मेव्हण्या त्यांच्या सख्ख्या भाच्या, पण त्यांनी परोपरीने विनवूनही मामाजींचं उत्तर एकच, "रिलीवर आणा, मंग बोला." मामाने नवरीला बोहल्यावर आणायचं असतं, तेही त्यांनी एका काखेत माझे जोडे धरूनच पार पाडलं. फोटोत ते जोडे माझ्यापेक्षा ठळक आले आहेत. मेव्हण्या अजून राग धरून आहेत, आणि तोही माझ्यावर.

मिलच्या धडधडीत मामाजींचे कान निम्मे गेले, त्यामुळे ते सगळं एका क्रेनवरून दुसऱ्या क्रेनवर ओरडावं तसं बोलतात. त्यांनी 'हळूच' सांगितलेलं गुपित कारखान्याच्या वसाहतीत, त्यांच्या सेक्टर दहामध्ये, सर्वांना ठाऊक असायचं. निवृत्त झाल्यावर ते कोहक्याला आमच्या गल्लीत राहायला आले आणि आमच्या घरातली दुपारची झोप कायमची संपली.

तर या माणसाला आमच्या शेजाऱ्यांनी एकदा उतईच्या रस्त्यावरच्या एका बालगृहात बोलावलं; मामाजी आपल्या सायकलने गेले. शेजाऱ्यांच्या मुलाचा वाढदिवस तिथल्या मुलांसोबत करायचा होता. केक कापला, बिस्किटं वाटली, फोटो काढले. फोटोच्या गर्दीत पाहुण्यांपैकी एका बाईने सहा-सात वर्षांच्या एका मुलीचा हात मामाजींच्या हातात दिला, "काकाजी, दो मिनट पकड़िए." मग मंडळी गाडीत बसून निघाली. मामाजी हात धरून तिथेच उभे. त्यांना रिलीव करायला कोणी आलंच नव्हतं.

ती फुलेश्वरी. मावशीने तिला तिथे सोडलं ते 'आत्ता येते' म्हणून. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. पाहुणे निघाले की फाटकाचे गज धरून उभी राहायची, आणि त्या संध्याकाळी जेवायची नाही. त्या दिवशी मात्र पाहुणा जाईचना, म्हणून तिने काहीतरी पुटपुटलं. मामाजींना ऐकू कुठलं येतं? "जोरानं बोल," ते म्हणाले. ती पुन्हा पुटपुटली. तिसऱ्या वेळी तिने बेंबीच्या देठापासून विचारलं, "बबा, तैं कब जाबे?" आजोबा, तुम्ही कधी जाणार? तिचा आवाज प्रथमच ऐकून अधीक्षिकाबाई हातातला डाव तसाच धरून स्वयंपाकघरातून धावत आल्या. मामाजींनी तितक्याच जोरात सांगितलं, "मोर रिलीवर आही, तब." माझा रिलीवर येईल, तेव्हा.

मग त्यांनी अधीक्षिकाबाईंना तिथेच रीतसर चार्ज दिला. मुलीचा पुढचा दात हलतो आहे, ऊस देऊ नये. मागच्या नळापाशी शेवाळ आहे, पोरं घसरतील. बाई नुसतं 'ठीक है' म्हणाल्या, ते त्यांना चालेना. 'चार्ज लिया' म्हणवून घेतलं, मुलीचा हात बाईंच्या हातात दिला आणि मगच सायकलवर टांग टाकली. फुलेश्वरी फाटकाशी उभी राहिलीच, पण नंतर जेवली. पुढे दर रविवारी मामाजी सकाळी जायचे आणि संध्याकाळी असा चार्ज देऊन यायचे. हळूहळू ते बालगृह भिलाईतलं सर्वांत मोठ्याने बोलणारं बालगृह झालं.

अशात त्यांच्या मोतीबिंदूने उचल खाल्ली. ऑपरेशन नागपूरला मुलाकडे करायचं आणि महिना-दीड महिना तिथेच राहायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, उशीर झाला तर डोळा जाईल. मामी रडल्या, मुलगा फोनवर चिडला. शेवटी समजवायला मला पाठवलं.

"मामाजी, डोळ्याचं आहे हे," मी म्हटलं.

"डोळे मले दोन आहेत, जवाई. त्या पोरीले मी एकच आहो," ते म्हणाले. "मी तसाच निघून गेलो तं तिच्यासाठी मी बी मावशीसारखाच. रिलीवर द्या, आत्ता जातो."

रविवार हा पोहे खाऊन आडवं होण्याचा वार आहे, अशी माझी जन्मभराची श्रद्धा. पण खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "घेतला चार्ज."

मामाजींनी मला फुलेश्वरीसमोर उभं केलं. तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ये आही?" हा येईल का? मामाजी म्हणाले, "आही." त्या एका शब्दापायी मी तापातसुद्धा रविवार चुकवला नाही. मला गोष्टी येतात दोनच, त्या पोरांनी पुन्हा पुन्हा ऐकून घेतल्या. संध्याकाळी मी निघालो की ती फाटकाशी असायचीच. त्या गजांमागच्या तोंडाकडे पाठ करून स्कूटर सुरू करणं मला कधी जमलं नाही. घरी येऊन बायकोशी उगाच भांडायचो.

मग एका रविवारी दुपारी फाटकात काळा चष्मा लावलेले मामाजी दिसले. मी उठलो, पण माझ्याआधी फुलेश्वरी पुढे झाली. तिने चार्ज दिला. दात पडला, नवा येतो आहे. नळापाशी आता घसरत नाही. या काकांच्या गोष्टीतला वाघ दर वेळी मरतो. मामाजींनी मान डोलावली, "चार्ज लिया." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "कका, अब तैं जा." आणि मामाजींचा हात धरून आत निघून गेली.

मी स्कूटर सुरू केली आणि सवयीने मागे पाहिलं. फाटकाशी कोणी नव्हतं. आतून मामाजींचं ओरडणं आणि तिचं त्याहून मोठ्याने हसणं ऐकू येत होतं. इतके रविवार मला हेच तर हवं होतं, आणि आनंदही खरोखर झाला. तरी मी थोडा वेळ तिथेच थांबलो. कोणी येतं का, बघत.