बुडालेल्या घरातलं जेवण
कुंडीतली माती वाळून भेगाळली, की तिच्या वासानं मला हिडकल धरणावरचा एक उन्हाळा आठवतो. पाणी खूप खाली गेलं होतं आणि बुडालेल्या गावातल्या घरांचे पाये उघडे पडले होते. जुन्या गावाच्या नोंदीसाठी त्यांची मापं घ्यायला माझ्याबरोबर आलेले सोबती परत गेले होते आणि उरलेलं काम मी एकटीच करत होते. एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि मी मोजत होते त्याच चौकोनात, चपला बाहेर काढून, शिरले. "हे आमचं घर," ते म्हणाले. "जेवलीस का गं पोरी?" मी नाही म्हणाले. "मग बस की. लई वर्सं झाली, हितं कोण पाव्हणं आलं न्हाय." मीही बूट काढले. वाळल्या गाळावर फडकं पसरून त्यांनी भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढं ठेवला. "मंडळी असती तर गरम वाढलं असतं," एवढंच बोलले. भिंती नव्हत्याच, चारी बाजूंनी नुसता वारा येत होता. निघताना मी म्हणाले, "परत येईन हं, आप्पा." "ये की," ते म्हणाले, "दार उघडंच हाय." त्यानंतर पाणी कधी तेवढं उतरलं नाही. आज एकटीपुरतं ताट वाढून घेताना वाटतं, त्यांच्यासोबत आता कोण जेवत असेल?