जात्यामागे बसलेली बाई

आमची मराठी उपासना बेंगळुरूच्या शिवाजीनगरात भरते. चर्च तमिळ लोकांचं आहे. त्यांची उपासना आटोपली की दुपारी मागचा हॉल आम्हाला मिळतो. बेळगाव, निपाणी, मिरज, सोलापूर अशा गावांहून नोकरीसाठी इथे आलेली थोडीशी घरं. आठवडाभर कन्नड, हिंदी आणि इंग्रजी बोलून जिभा थकलेल्या असतात. रविवारी दोन तास मराठीत देवाशी आणि एकमेकांशी बोलायला मिळतं, म्हणून सगळे येतात.

आई गेल्यावर मी पप्पांना बेळगावहून व्हाइटफील्डला माझ्याकडे आणलं. जन्मभर शाळामास्तर, आणि रविवारी गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत संदेश, म्हणजे प्रवचन, देणारे. इथे अकराव्या मजल्यावर त्यांना कोणी ओळखत नव्हतं. लिफ्टमध्ये ते सगळ्यांना नमस्कार करायचे आणि लोक फोनमध्ये बघत राहायचे. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. मग आमच्या पाळकांनी त्यांना विचारलं, "मास्तर, उपवासकाळात मिसर देशावरच्या दहा पीडांवर बोलाल का? आजच्या ख्रिस्ती माणसाला त्यांचा अर्थ काय, ते सांगा." बायबलातली गोष्ट अशी, की मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो इस्राएली लोकांना गुलामीतून सोडत नाही, म्हणून देव मोशेच्या तोंडून बजावत त्या देशावर एकामागून एक दहा संकटं आणतो. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दोन दिवस आधीच तयार होते.

आणि ते फार सुरेख बोलले. नदीचं रक्त झालं त्याबद्दल म्हणाले, "मिसरी माणसाचा नदीवर भरवसा होता, देवासारखा. तुमचा कशावर आहे? पगारावर? मुलाच्या व्हिसावर? देव आधी तिथेच हात घालतो." बेडकांच्या पीडेला सगळे हसले. अंथरुणात बेडूक, काथवटीत बेडूक. मोशे फारोला विचारतो, कधी घालवू हे बेडूक? आणि फारो म्हणतो, उद्या. पप्पा थांबले, चष्मा काढला. "उद्या! माणसाला बेडकांबरोबर आणखी एक रात्र काढणं परवडतं, पण मान आजच्या आज वाकवणं परवडत नाही." घरी येताना मेट्रोत मला इतका अभिमान वाटत होता, की शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगावंसं वाटलं, हे माझे वडील.

दहावी पीडा शेवटच्या रविवारी आली. प्रथमजन्मलेल्यांचा मृत्यू.

त्या दिवशी माझ्या शेजारी आमच्या मंडळीतली एक तरुण मुलगी बसली होती. तिचं माहेर चामराजपेटेतलं, तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं मराठी हिंदू घराणं. तिचं मराठी कन्नडात बुडवून काढल्यासारखं गोड. तिने निपाणीकडच्या आमच्या एका मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून ती उपासनेला यायची. नवरा पुढे कीबोर्डवर गाणी वाजवायचा, ती मागे माझ्याजवळ बसून गीतांच्या ओळी बोटाने शोधायची. आदल्या पावसाळ्यात तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. सगळ्या मंडळीला हे माहीत होतं. पप्पांनाही मीच सांगितलं होतं.

पप्पा बोलता बोलता रंगात आले. मध्यरात्र, मृत्यूने आपलं घर वगळावं म्हणून इस्राएली लोकांनी दारांच्या चौकटींना खूण म्हणून लावलेलं कोकराचं रक्त, बाकीच्या घराघरांतून उठलेला आकांत. आवाज चढत गेला. मग ते म्हणाले, "आजही ख्रिस्ती घरांत असे घाव बसतात. पहिलंच लेकरू जातं. आपण रडतो, डॉक्टरला दोष देतो. पण विचारावं स्वतःला. आपल्या दारावरची खूण कुठे पुसट झाली होती? कुणामुळे?"

माझ्या शेजारी बाकाची फळी करकरली. ती उठली. तिच्या पर्सचा पट्टा बाकात अडकला. तिने तो ओढला, सुटेना, तेव्हा खाली वाकून सोडवला. तेवढा वेळ मी तिच्याकडे बघत होते आणि माझा हात माझ्याच मांडीवर होता. मग ती मधल्या वाटेने बाहेर गेली. पप्पा थांबले नाहीत. तिच्या नवऱ्याने मान वर केली, दाराकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली. संदेश संपल्यावर गीत होतं आणि ते त्यालाच वाजवायचं होतं. त्याने सगळी कडवी वाजवली. एकही सूर चुकला नाही. ते ऐकताना मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाहेर चहा होता. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "वडिलांचा मेसेज काय पॉवरफुल होता हो!" आणि मी म्हटलं, "थँक यू."

तो थँक यू मला अजून परत घेता आलेला नाही.

घरी पोचेपर्यंत मी गप्प राहिले. दार लावल्यावर म्हटलं, "पप्पा, ती उठून गेली."

"कोण?"

"तुम्हाला माहीत आहे कोण."

ते बूट काढत होते. "मी तिला उद्देशून बोललो नाही. शास्त्रात आहे ते बोललो."

"डॉक्टरला दोष देतो, हे शास्त्रात आहे?"

त्यांनी बूट कपाटात ठेवले. संध्याकाळभर मंडळीच्या ग्रुपवर मेसेज येत राहिले, 'आशीर्वादित झालो', 'डोळे उघडले', हात जोडलेली चित्रं. एकाही माणसाने तिच्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. मीही नाही.

सोमवारी मी म्हटलं, तिला फोन करा. ते म्हणाले, करू उद्या, आज गुडघा दुखतोय. मंगळवारी म्हणाले, ती कामावर असेल. नंतर म्हणाले, आपण विषय काढला तर तिला जास्त त्रास होईल, काळ जाऊ दे. प्रत्येक कारण शहाणपणाचं होतं. मला त्यांची लाज वाटायला लागली. जेवायला वाढताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, आणि हे त्यांना कळत होतं. ज्या माणसाने मला अक्षरं शिकवली, देव शिकवला, त्याची लाज वाटणं फार वाईट असतं.

त्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी मला बाल्कनीतून हाक मारली. मांडीवर पवित्र शास्त्र उघडं होतं. "इकडे ये. हे वाच."

निर्गमाच्या पुस्तकातला अकरावा अध्याय होता. मोशे फारोला सांगतो, कुणाकुणाची पहिली मुलं मरतील. गादीवर बसणाऱ्या फारोपासून ते जात्यामागे बसलेल्या दासीपर्यंत.

"ही बाई," पप्पा म्हणाले. त्यांचं बोट त्या ओळीवर होतं. "जन्मभर वाचतोय. किती वेळा यावर बोललो असेन. ही मला दिसलीच नाही. हिने कुणाला कोंडून ठेवलं होतं गं? ही तर स्वतःच कोंडलेली. दळण दळत होती. हिचं लेकरू का?"

"का, पप्पा?"

"मला माहीत नाही."

शास्त्रातल्या एखाद्या गोष्टीबद्दल पप्पा 'माहीत नाही' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ते म्हणाले, "पीडांची गोष्ट सांगताना मी नेहमी गोशेनात, इस्राएली लोकांच्या वस्तीत, उभा असतो. जिथे गारा पडल्या नाहीत, जिथे काळोख झाला नाही, तिथे. तिथून मिसरकडे बोट दाखवत. आणि आठवडाभर मी काय करतोय? उद्या, उद्या." त्यांनी पुस्तक मिटलं. "मी फारोच्या घरात आहे, बाळा. चल. आज जाऊ."

मी तिच्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "या. ती घरीच आहे. पण बोलेलच असं नाही."

मेट्रोने मार्केटपर्यंत गेलो, पुढे ऑटो. चामराजपेटेत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानाच्या वर त्या दोघांचं घर. जिना अरुंद. पप्पा कठडा धरून एकेक पायरी चढले, वर पोचल्यावर दम घ्यायला थांबले, आणि तेवढ्यात दार उघडलं.

"या अज्जा," ती म्हणाली. "बसा."

नवरा आतल्या खोलीच्या दारात उभा राहिला. पप्पा खुर्चीच्या कडेला बसले.

"मुली, मी चुकलो," ते म्हणाले. "त्यापुढे 'पण' म्हणणार नाही."

ती भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने विचारलं, "मी उठले ते तुम्ही बघितलं होतं?"

"पाणी प्यायला चाललीस असं वाटलं..." पप्पा थांबले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "नाही. हे खोटं आहे. बघितलं होतं. कळलंही होतं. थांबता आलं नाही. लोक ऐकत होते. बोलणं रंगलं होतं."

मला वाटलं आता ती रडेल किंवा ओरडेल. ती नुसती मान हलवत राहिली, जणू हेच तिला हवं होतं आणि मिळाल्यावर त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"बाळ गेलं तेव्हा माझी आई म्हणाली, कुलदैवत सोडलंस, त्याची शिक्षा," ती म्हणाली. "मी म्हटलं, सरी, ठीक आहे, तिला राग आहे, बोलू दे. चर्चमधी तरी कोणी असं म्हणणार नाही. मग तुम्ही तेच म्हणालात. मग काय अज्जा, दोन्हीकडचे देव मिळून एका बाळाच्या मागे लागले होते?"

पप्पा म्हणाले, "तुझ्यामुळे काही झालं नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. का झालं, ते मला माहीत नाही."

मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, आठवडाभर ते नीट झोपले नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "अक्का, तुम्ही तर माझ्या शेजारी होता."

एवढंच. मला वाटत होतं, मी पप्पांना घेऊन आले आहे, मी चांगल्या बाजूला आहे. दारातून आत येताना मी मनात घरी परतण्याची तयारीसुद्धा केली होती. माफी मागून झाली, माफी मिळाली, मोकळ्या मनाने मेट्रोत बसलो, अशी. तिच्या त्या एका वाक्यापुढे मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. आणि तरीही मी काय केलं? हात जोडले आणि म्हटलं, "आपण प्रार्थना करू या का?"

"नको," ती म्हणाली. "प्रार्थना झाली की सगळे उठून जातात. स्वल्प बसा."

म्हणून आम्ही बसलो. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं, त्याचा धक्का फरशीतून पायांना लागत होता. ती आपणहून बोलायला लागली. मुलगी होती. केस दाट होते, ओले, कपाळाला चिकटलेले. नर्सने लगेच गुंडाळून नेलं, पण तिने परत मागून घेतलं. नाव आधीच ठरलं होतं.

"काय नाव?" पप्पांनी विचारलं.

तिने चमकून वर पाहिलं. मग सांगितलं. नाव कन्नड होतं, ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पप्पांनी ते म्हणून पाहिलं, मधलं अक्षर चुकलं. तिने दुरुस्त केलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, हळू, नव्या विद्यार्थ्यासारखं. दारात उभा असलेला नवरा तेव्हा रडायला लागला.

निघताना तिने माफ केलं असं म्हटलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या उपासनेत पप्पांनी पाळकांकडे वेळ मागितला आणि ते उभे राहिले. दहाव्या पीडेबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो, म्हणाले. कुणाच्याही मेलेल्या लेकरावरून त्याच्या विश्वासाचं माप काढू नका. या पीडा देवाने दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायला दिल्या नाहीत. फारोला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती, धरून ठेवलंस ते सोड. मी माझा मोठेपणा धरून ठेवला, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागली. एवढं बोलून ते खाली बसले. टाळ्या नाहीत, मेसेज नाहीत. चहाच्या वेळी एका वडील माणसाने मला बाजूला घेतलं. "मास्तरांनी इतकं उघडं बोलायला नको होतं. व्यासपीठाचा मान राहिला पाहिजे." त्यानंतर पप्पांना कुणी बोलायला बोलावलं नाही. ते मागच्या बाकावर बसतात आणि दुसऱ्यांचं ऐकतात.

ती उपासनेला परत आली नाही. नवरा येतो, वाजवतो, संपल्यावर चहाला न थांबता जातो.

मी मात्र एकदा तिला फोन केला, पप्पांना न सांगता. मला तेवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी मी तुझा हात धरायला हवा होता, तुझ्यामागे बाहेर यायला हवं होतं, मी बसून राहिले. पलीकडून तिने "हूं" म्हटलं. मी आणखी काहीतरी ऐकण्याची वाट बघत राहिले. तिने अज्जांच्या गुडघ्याची चौकशी केली. मी सांगितलं, बरा आहे, जिने टाळतात. "सरी अक्का," म्हणाली, आणि फोन ठेवला.