नावानं मारलेली हाक

खुटबावात तुळजाकाकूंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. भर ग्रामसभेत सरपंचाला झापणारी बाई. पण लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी त्यांच्या तोंडी आलं नाही. रेशनच्या दुकानात कुणी विचारलंच, तर त्या माझ्याकडं बघायच्या. मी शेजारी, मग मीच सांगायचो, "हौसराव."

हौसरावकाकांना हळूहळू सगळ्याचा विसर पडत गेला. आधी विहिरीवरची मोटार चालू करायची कशी ते गेलं, मग नातवंडं गेली, मग काकूच. उभा जन्म जिला "अगं" म्हणून हाक मारली, तिला ते आता "बाई, तुम्ही" म्हणतात. काकूंच्या ते फार जिव्हारी लागलं. "शिव्या देऊ दे, ताट भिरकावू दे, पर एकदा 'अगं' म्हनू दे," एवढंच त्या म्हणायच्या.

कासुर्डीच्या समाजमंदिरात करुणाताई मंगळवारी आणि शुक्रवारी अशा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळतात. शेंगा फोडायच्या, भजन म्हणायचं. घरच्यांसाठी बाहेर ओसरीवर चहा आणि गप्पा. मी दोघांना माझ्या रिक्षातून नेतो. काकू आधी ऐकेनात. "नवरा काय पाळणाघरात ठिवायचा व्हय?" म्हणाल्या. आणि पहिल्याच दिवशी ओसरीवर भिंतीला टेकून जो डोळा लागला, तो जेवणालाच उघडला. किती दिवसांची झोप साचली होती कुणास ठाऊक.

गेल्या शुक्रवारी करुणाताई त्यांना म्हणाल्या, "काकू, नुसतं 'अहो' म्हटलं की त्यांना कळतच नाही कुणाला हाक मारली. समोर बसा आणि नाव घ्या. नावाला माणूस शेवटपर्यंत ओ देतं."

काकू या वयात लाजल्या. मला हसू आलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं चहा प्यायला लागलो. मग पदर सावरून त्या आत जाऊन काकांच्या समोर बसल्या, मागोमाग मीही गेलो.

"हौसराव."

आवाज इतका बारीक, की हीच का ती बाई असं मला वाटलं.

काकांनी चटकन वर बघितलं. "व्हय. बोला बाई."

"मी तुळजा. तुमची मंडळी."

काका रागावले नाहीत. लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "न्हाई बाई. आमची मंडळी माझं नाव न्हाई घ्यायची. जीव गेला तरी न्हाई घ्यायची."

काकूंनी विचारलं, "कुठं हाय मग ती?"

"रानात गेली आसंल. तिच्याबिगर मला करमत न्हाई." काका दाराकडं बघत होते. "यील आता. ती येईस्तवर बसता का माझ्यापाशी?"

"बसते की," काकू म्हणाल्या, आणि त्याही दाराकडं बघत बसल्या.